अर्ध्या चित्रावरचा निकाल

इटलीला निघालेल्या जोडप्याला तिकिटाआधी एक सल्ला फुकट मिळतो. ‘व्हेनिसला एक दिवस पुरे.’ सहा रात्री हाताशी असतील तर तीन रोमला, दोन फ्लॉरेन्सला, आणि व्हेनिस जाता-येता उरकायचे. राहायचेच झाले तर पुलापलीकडे मेस्त्रेत राहायचे, तिथे हॉटेल स्वस्त पडते. हा सल्ला देणाऱ्यांत माझे स्नेही आहेत, नातलग आहेत, सहलींच्या धंद्यात केस पांढरे झालेले लोक आहेत. मी स्वतः तो एकदा पाळला आहे आणि पुढे दोघा-तिघांना मोठ्या अधिकाराने दिलाही आहे. तेव्हा आज जे मत मोडून काढायला बसलो आहे, त्यात माझाही जुना वाटा आहे.

माझे म्हणणे असे. एवढ्याच रात्री असतील तर जोडप्याने एकच शहर धरावे. ते व्हेनिस असावे. आणि मुक्काम मेस्त्रेत न करता खुद्द बेटावर करावा. हे ऐकून मंडळी हसतात. हसोत. पण निवाडा वाचकाने करायचा आहे, म्हणून आधी त्यांची बाजू त्यांच्याइतक्याच जोराने मांडतो.

पूर्वपक्ष म्हणतो: इटली काही लोणावळा नव्हे. बँकेचे कागद, आयकराची विवरणपत्रे, माणशी ९० युरोंचे शेंगेन व्हिसाचे शुल्क, त्यावर विमानाचे भाडे. एवढे करून गेलेल्या माणसाने जास्तीत जास्त पाहू नये तर काय करावे? दुसरे, व्हेनिस लहान आहे. स्टेशनपासून सान मार्कोच्या चौकापर्यंत माणूस अर्ध्या-पाऊण तासात चालत जातो. एका दिवसात त्याचा जीव संपतो. तिसरे, तिथे गर्दी आहे, महागाई आहे, उन्हाळ्यात कालव्यांना वास येतो. चौथे, तिथला प्रणय बेगडी आहे. गोंडोलेवाल्याला अर्ध्या तासाचे ९० युरो मोजायचे आणि त्याच्याकडून हमखास जे गाणे मागितले जाते ते नेपल्सचे ऐकायचे, याला रोमान्स म्हणायचे का? आणि पाचवे, सद्‌सद्विवेकाचे: पर्यटकांनी ते शहर खाऊन टाकले आहे, शहाण्याने त्यात आपली भर घालू नये.

यांतला एकही मुद्दा हास्यास्पद नाही. पाचवा तर इतका वजनदार आहे की तो शेवटी घेतो.

पहिला मुद्दा ‘जास्तीत जास्त’चा. येथे पूर्वपक्ष गाड्यांची वेळापत्रके पुढे करतो. व्हेनिस ते फ्लॉरेन्स जलद गाडीने सव्वादोन तास, फ्लॉरेन्स ते रोम दीड तास. आकडे बरोबर आहेत. पण शहर बदलायला लागणारा वेळ गाडीच्या वेळाइतकाच असतो, हे कोणी सांगितले? सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, दुपारी दोन-तीनशिवाय पुढची खोली मिळत नाही. मधल्या काळात दोन माणसे, चार बॅगा आणि स्टेशनवरची एक बाकडी. एक बदल म्हणजे अर्धा दिवस. दोन बदल म्हणजे एक दिवस. सहा रात्रींचे पूर्ण दिवस पाच. त्यांतला एक बॅगांनी खाल्ला. उरलेल्या चारांत तीन शहरे. या चार दिवसांत नवरा-बायको एकमेकांशी काय बोलतात हे कोणी टिपून ठेवले तर वाचण्यासारखे होईल. ‘पासपोर्ट तुझ्याकडेच ना?’ ‘चार्जर भिंतीला राहिला का हो?’ ‘आपला फलाट कितवा?’

‘एकदाच जायचे, म्हणून सगळे पाहायचे’ या विधानात पहिल्या अर्ध्यावरून दुसरा अर्धा सिद्ध होतो असे आपण गृहीत धरतो. तो होत नाही. लग्न एकदाच आहे म्हणून कोणी तिन्ही पंगतींना बसत नाही. उलट, एकदाच जायचे असेल तर जे पाहू ते धड पाहावे, हाही निष्कर्ष तितकाच काढता येतो, आणि तो अधिक शहाणा आहे. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग आणि कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांनी १८४६ मध्ये तिच्या वडिलांना चोरून लग्न केले आणि ती दोघे इटलीत पळून आली. इटलीतल्या परदेशी जोडप्यांत इतके खरे प्रेमप्रकरण दुसरे सापडणे कठीण. त्यांनी काय केले? फ्लॉरेन्समध्ये कासा ग्विदी नावाच्या वाड्यात बिऱ्हाड थाटले, आणि १८६१ मध्ये एलिझाबेथ वारली तेव्हाही ते घर तेच होते. मधून-मधून प्रवास त्यांनीही केला; पण त्यांच्या संसाराला पत्ता एक होता. कोणाला फ्लॉरेन्सचेच वेड असेल तर त्याने सहाही रात्री फ्लॉरेन्समध्ये काढाव्यात, माझा वाद नाही. वाद आहे तो त्रिस्थळी यात्रेशी. काशी-प्रयाग-गया एका फेरीत करण्यामागे पुण्याचा हिशेब असतो. हनिमूनमागे कसला?

आता दुसरा आणि तिसरा मुद्दा एकत्र घेतो, कारण त्यांचे मूळ एक आहे. व्हेनिस लहान आहे, एका दिवसात संपते. आणि तिथे गर्दी फार. हे दोन्ही म्हणणारा माणूस बहुधा एकच असतो. तो तिथे सकाळी दहाला उतरलेला आणि संध्याकाळी पाचला परतलेला असतो.

व्हेनिसच्या पालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून शहरात दिवसापुरते येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसवले. पहिल्या वर्षी २९ दिवस, माणशी पाच युरो. २०२५ मध्ये दिवस वाढवून ५४ केले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांना दर दुप्पट केला. शुल्काची वेळ मात्र दोन्ही वर्षी तीच: सकाळी साडेआठ ते दुपारी चार. आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला ते माफ, कारण तो राहण्याचा कर वेगळा भरतो. याचा अर्थ काय? गर्दी केव्हा असते आणि ती कोणाची असते, याचा दाखला पालिकेनेच छापून दिला आहे. चारनंतर दाराशी कोणी पैसे मागत नाही, कारण चारनंतर लोक निघायला लागलेले असतात. व्हेनिसच्या गर्दीच्या नावाने बोटे मोडणारा प्रवासी नेमका गर्दीच्या वेळेचेच तिकीट काढून आलेला असतो. दुपारी बाराला दादर स्टेशनच्या पुलावर उभे राहून ‘मुंबईत समुद्र दिसला नाही’ म्हणण्यासारखे हे आहे.

माझी पहिली भेट अशीच होती. सहलकंपनीचे नाव घेत नाही. त्यांचा दोष इतरांपेक्षा जास्त नव्हता. बस त्रोन्केत्तोला थांबली, तिथून बोट, बोटीतून सान मार्को. मग काच फुंकून घोडा करणाऱ्या कारागिरासमोर वीस मिनिटे आणि त्याच्या दुकानात चाळीस. मग गोंडोला. त्यात कायद्याने पाच प्रवासी बसतात, म्हणून आम्ही दोघे आणि नागपूरचे तिघांचे एक कुटुंब. त्यांचा मुलगा पूर्णवेळ पाण्यात हात घालत होता आणि त्याची आई पूर्णवेळ तो बाहेर काढत होती. साडेचारला घड्याळाच्या मनोऱ्याखाली जमा. रात्री मेस्त्रेत पनीरची भाजी. परत आल्यावर चार वर्षे मी सांगत होतो, ‘व्हेनिस? ठीक आहे. एक दिवस पुरे.’

आता एक चित्र दाखवतो. सान मार्कोच्या चौकातच कोर्रेर संग्रहालय आहे आणि त्यात व्हित्तोरे कार्पाच्चोचे, १४९० च्या आसपासचे, एक फळीवरचे चित्र आहे. गच्चीत दोन बायका बसल्या आहेत. अंगावर उंची कपडे, आजूबाजूला कुत्री, पक्षी, उंच तळाचे काढून ठेवलेले जोडे. दोघींची नजर शून्यात लागलेली. कठड्यावर एक कुंडी, कुंडीत लिलीचा देठ, आणि देठ चित्राच्या वरच्या कडेशी आल्यावर तोडल्यासारखा संपतो. जॉन रस्किनसारख्या माणसाला या चित्राचे अतोनात कौतुक होते. पण त्या बायका कोण? बराच काळ उत्तर ठरलेले होते: गणिका, गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या. कंटाळलेला चेहरा, एवढा थाट, रिकामी दुपार. दुसरे कोण असणार?

मग कोणाच्या तरी लक्षात आले की लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात कार्पाच्चोचेच दुसरे एक चित्र आहे, व्हेनिसच्या खाडीच्या उथळ पाण्यात होड्यांतून चाललेल्या पाखरांच्या शिकारीचे. त्याच्या खालच्या कडेशी एक लिलीचे फूल आहे, विनाकारण, देठाशिवाय. दोन्ही फळ्या एकाखाली एक ठेवल्या. देठाला फूल मिळाले. लाकडाचे धागेही जुळले. एकच फळी केव्हातरी करवतीने कापून दोन चित्रे म्हणून विकली गेली होती. वरच्या अर्ध्यात नवरे शिकारीला गेले आहेत, खालच्या अर्ध्यात त्यांच्या बायका घरी वाट पाहत आहेत. शतकभर ज्यांना बाजारात बसवले त्या घरंदाज गृहिणी निघाल्या.

व्हेनिसला दिवसापुरते जाणाऱ्याच्या हाती हेच खालचे अर्धे चित्र येते. त्यात त्याला बाजारबसवी दिसते, यात त्याच्या डोळ्यांचा दोष नाही. वरची फळी त्याने पाहिलेली नाही, एवढेच. आणि तरी तो निकाल देतो.

ती वरची फळी म्हणजे संध्याकाळी सातनंतरचे आणि सकाळी आठपूर्वीचे व्हेनिस. दुसऱ्यांदा आम्ही नोव्हेंबरात गेलो, चार रात्री, कान्नारेज्जो भागातल्या एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लहानशा हॉटेलात. पहिल्या रात्री जेवून बाहेर पडलो आणि पाचव्या मिनिटाला बायको थबकली. ‘अहो, कसला आवाज येतोय?’ मी कान दिला. काहीच येत नव्हता. तेच तिला खटकले होते. मोटार नाही, रिक्षा नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. एका पुलापलीकडे कोणीतरी चालत होते आणि त्याच्या टाचा दगडावर वाजत होत्या. तो माणूस दिसायच्या आधी एक मिनिट आम्हांला ऐकू येत होता. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या दोन माणसांनी आयुष्यात प्रथमच एकमेकांशी आवाज न चढवता रस्त्यात बोलणे केले.

‘लहान आहे, संपते’ म्हणणाऱ्यांनी या शहरातले पत्ते पाहावेत. घरांचे क्रमांक रस्त्याप्रमाणे नाहीत. शहराच्या सहा भागांपैकी एकेका भागाचे सलग क्रमांक आहेत, आणि कास्तेल्लोत ते सहा हजारांच्या पुढे जातात. गल्ली म्हणजे काल्ले, कालव्याकाठचा रस्ता म्हणजे फोन्दामेन्ता, घराच्या पोटातून जाणारा बोळ म्हणजे सोतोपोर्तेगो, बुजवलेल्या कालव्यावरचा रस्ता म्हणजे रिओ तेरा, आणि चौक म्हणजे काम्पो, म्हणजे चक्क शेत. पिआत्सा हे नाव फक्त सान मार्कोच्या चौकाला. काल्ले वारिस्को नावाची एक गल्ली सर्वांत अरुंद ठिकाणी ५३ सेंटिमीटर आहे; तिथे हातात हात धरून चालण्याची इच्छा असणाऱ्याने पुढे-मागे व्हावे. फोनवरचा नकाशा या बोळांत उपग्रह शोधत फिरतो. चार रात्रींत आम्ही तीनदा पूर्ण हरवलो. एकदा तर तोच पूल तीन बाजूंनी ओलांडला. ‘हे शहर संपतच नाही हो,’ बायको म्हणाली, ‘पुन्हा सुरू होतं.’ एका दिवसात संपणारे शहर हेच का?

महागाईचे थोडक्यात उरकतो. सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंदासमोर खुर्चीवर बसून कॉफी घेतली तर खिसा कापला जातो, आणि तसा तो कापून घेण्याची सक्ती नाही. व्हापोरेत्तोचे, म्हणजे तिथल्या पाणबसचे, एकेरी तिकीट साडेनऊ युरो आहे हे खरे. पण तीन दिवसांचा पास ४५ युरोंना मिळतो आणि एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलच्या प्रत्येक वळणावर थांबत थांबत जाते. रात्री दहानंतर तिच्या पुढच्या उघड्या भागात बसायला जागा मिळते. दोन्ही काठांच्या महालांत कुठे कुठे दिवा असतो आणि त्या खिडकीतून फक्त छत दिसते, रंगवलेले. जेवणाचे म्हणाल तर बाकारो म्हणजे तिथला उभ्याने खायचा गुत्ता. काचेआड चिकेत्ती मांडलेली असतात: पावाच्या चकतीवर घोटलेला सुका कॉड मासा, कांदा-व्हिनेगर-बेदाण्यांत मुरवलेले सार्डिन, अर्धे उकडलेले अंडे. शाकाहाऱ्यांनी आर्टिचोकचा उकडलेला तळवा मागावा. तळलेल्या चीजच्या पावात मात्र कधी कधी आन्चोवी मासा दडलेला असतो, विचारून घ्यावे. सोबत ओम्ब्रा, म्हणजे वाइनचा छोटा पेला. दोघांचे पोट भरते आणि पाठीमागे उभा असलेला सुतार आपला कोपरा सरकवून जागा देतो.

वासाबद्दल. भरती-ओहोटीचे पाणी दिवसातून दोनदा त्या कालव्यांतून आत येते आणि बाहेर जाते. शहराची मोरी हजार वर्षे समुद्रानेच धुतली आहे. ऐन उन्हाळ्यात ओहोटीला वास येतो. मग ऐन उन्हाळ्यात जाऊ नये. ‘पण नोव्हेंबरात पूर येतो,’ असे लगेच उत्तर मिळते. येत असे. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरवर गेले होते. पण ३ ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तिन्ही तोंडांशी बसवलेली ७८ पोलादी दारे मोठ्या भरतीला उभी राहतात आणि समुद्र बाहेर थांबतो. आक्षेप जुना झाला.

आता बेगडीपणा. इथे मी बरेच कबूल करून टाकतो. उसाशांचा पूल प्रेमिकांचा नाही; तो राजवाड्यातल्या न्यायालयातून तुरुंगात नेण्याचा बंदिस्त बोळ आहे. त्याखाली सूर्यास्ताला चुंबन घेतले की प्रेम अमर होते, ही समजूत जगभर नेली ती १९७९ च्या ‘अ लिटल रोमान्स’ या चित्रपटाने. योगायोग असा की त्याच वर्षी ‘द ग्रेट गॅम्बलर’ने अमिताभ आणि झीनत अमान यांना गोंडोल्यात बसवले आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचे व्हेनिस ठरून गेले. आणखी कबूल करतो. इथे येऊन प्रेम फळतेच असे नाही. लेखिका जॉर्ज सँड आणि कवी आल्फ्रेद द म्युसे १८३३ च्या अखेरीस इथे आले, तो आजारी पडला, आणि ती त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या प्रेमात पडली. कादंबरीकार जॉर्ज एलियट १८८० मध्ये साठाव्या वर्षी लग्न करून मधुचंद्राला इथे आली. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान नवऱ्याने हॉटेलच्या सज्जातून ग्रँड कॅनॉलमध्ये उडी घेतली. त्याला वाचवले. व्हेनिसने कोणाला हमी दिलेली नाही.

पण ज्यांना बेगडीपणाचा एवढा तिटकारा, ते पर्याय म्हणून कुठे जातात? व्हेरोनाला. ज्युलिएटच्या सज्जाखाली उभे राहायला! मूळ घर दाल काप्पेल्लो नावाच्या घराण्याचे. ज्युलिएटच्या घराण्याच्या नावाशी साम्य, एवढाच पुरावा. सज्जा तिथे नव्हताच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या संग्रहालयांचा संचालक आन्तोनिओ आवेना याने तो भिंतीला जोडला. शेक्सपिअरच्या नाटकात ‘सज्जा’ हा शब्दही नाही, खिडकी आहे. कथाही मुळात व्हेरोनाची नाही. १४७६ मध्ये छापली गेलेली माझुच्चो सालेर्नितानोची गोष्ट सिएना शहरात घडते आणि नायक-नायिकेची नावे वेगळी आहेत. पुढे १५३० च्या सुमारास लुईजी दा पोर्तोने ती व्हेरोनात आणून बसवली. अंगणातला ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा १९७२ चा, आणि हात लावून लावून त्याचा एक भाग इतका झिजवला की पालिकेला नवा पुतळा उभा करावा लागला. हे चालते, आणि व्हेनिस बेगडी?

आता गोंडोल्याकडे जरा जवळून पाहू. अकरा मीटरांच्या जवळपास लांब, आठ जातींच्या लाकडांची, सपाट बुडाची होडी. वल्हवणारा एकच, तो मागे, आणि वल्हे उजव्या अंगाला. सरळ बांधली तर ती डावीकडे गोल फिरत राहील. म्हणून ती मुळातच वाकडी बांधतात: डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद. वल्हे टेकवायचा तो नागमोडी लाकडी खुंटा, फोर्कोला, एकाच अक्रोडाच्या तुकड्यातून कोरतात. त्याच्या एकेका खाचेत वल्हे ठेवले की होडी पुढे जाते, थांबते, वळते, मागे येते. वाकडी बांधलेली होडी सरळ चालते. संसाराबद्दल इथे काही म्हणायचा मोह आवरतो. पण ही कारागिरी बेगडी नव्हे, एवढे तरी मान्य व्हावे. आणि तिच्यात बसायला ९० युरो लागतातच असे नाही. सान्ता सोफियाहून रिआल्तोच्या मासळीबाजाराला ग्रँड कॅनॉल ओलांडणारी उतारूंची होडी, त्रागेत्तो, परक्या माणसाकडून दोन युरो घेते. दोन वल्हेकरी, प्रवासी उभे. सकाळी भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायकांच्या मधे आम्ही दोघे उभे होतो. होडी मधोमध एका लाटेवर कलली आणि बायकोने माझी बाही धरली. बावीस वर्षांच्या संसारात ती सहसा काही धरत नाही. पुढच्या क्षणी तिने ती सोडली आणि पर्स सावरली. दोन मिनिटांचा प्रवास होता.

राहिला पाचवा मुद्दा. विवेकाचा. १९५१ मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. २०२३ मध्ये तिथल्या नागरिकांच्या गटांनी मोजणी करून दाखवले की पाहुण्यांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या आहेत. हे आकडे मी नाकारत नाही. ते माझ्याविरुद्ध जातात, हेही नाकारत नाही: मुक्काम करणाऱ्यालाही खाट लागते, आणि ती कोणाच्या तरी घरातून येते. पूर्वपक्षाने येथे मला गाठले आहे.

पण त्यातून निघतो काय? ‘एक दिवस जा’ हा निष्कर्ष तर मुळीच निघत नाही. मुद्दा खरा असेल तर त्याचे दोनच अर्थ होतात: एक तर जाऊच नये, किंवा गेलो तर शहराला परवडेल असे जावे. पहिल्याला माझा नमस्कार. तो माणूस प्रामाणिक आहे. पण ‘विवेक टोचतो, म्हणून मी फक्त दिवसापुरता जातो’ म्हणणाऱ्याचे काय? पाच तास गर्दी करून, शौचालय वापरून, बाकड्यावर घरचे थेपले खाऊन परतणारा शहराला नेमके काय देतो? शहराने स्वतः कोणाला अडवले, ते पाहा. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठी प्रवासी जहाजे सान मार्कोसमोरून जाऊ देत नाहीत. २०२४ पासून पंचवीसहून मोठे मार्गदर्शित जथे आणि ध्वनिवर्धक बंद. पंचेचाळीस जणांची बस भरून नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मग शुल्क, तेही दिवसापुरत्या येणाऱ्याला. नियम दाटीवर आहेत. सावकाश, दोघेच आलेल्यावर एकही नाही. खाटेचा दोष मात्र उरतोच. त्यावर उपाय इतकाच की घरे रिकामी करून भाड्याने दिलेले फ्लॅट टाळावेत आणि परवान्याच्या हॉटेलात किंवा जुन्या मठाच्या पाहुणेघरात उतरावे. पूर्ण उत्तर हे नव्हे. पण ‘मेस्त्रेत रात्र, व्हेनिसमध्ये दुपार’ यापेक्षा ते बरे उत्तर आहे, आणि वाचकाने तेवढेच तोलायचे आहे.

तोच न्याय हिशेबालाही लावा. मेस्त्रेतून सान्ता लुचिया स्टेशन दहा-बारा मिनिटांवर, भाडे किरकोळ, हे पूर्वपक्षाचे शेवटचे शस्त्र. अंतर बरोबर मोजले. वाचलेले पैसेही बरोबर मोजले. पण त्या पैशांनी गमावले काय? नेमके सकाळचे आठच्या आधीचे दोन तास आणि रात्रीचे नऊनंतरचे दोन. म्हणजे वरची फळी. केव्हातरी कोणीतरी त्या चित्रावर तीच करवत चालवली होती, बहुधा दोन तुकड्यांचे जास्त पैसे येतात म्हणून.

या मतावर एक आक्षेप मला घरातूनच आला आहे. इतक्या खर्चाने जाऊन लोकांना दाखवायला काय आणले? पहिल्या सहलीचे तीनशे अकरा फोटो आहेत. कोलोसियमसमोर दोघे, डेव्हिडच्या पुतळ्यासमोर दोघे, घड्याळाच्या मनोऱ्याखाली पंचेचाळीस. दुसऱ्या सहलीच्या रात्रींचा एकच फोटो आहे, तिने काढलेला. त्यात काळे पाणी आहे, एक मिटलेली हिरवी खिडकी आहे, आणि कडेला माझ्या बुटाचे टोक.

‘हे कुठलं?’ असे सगळे विचारतात. आम्हांला आठवत नाही.